छोट्या व्यवसायाला किंवा एकट्याने काम करणाऱ्याला स्वतःची वेबसाइट खरोखर लागते का?

प्रश्न (अनुवादक आणि मुद्रितशोधक)

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे घरूनच अनुवादाची आणि मुद्रितशोधनाची कामे घेते. माझी धाकटी बहीण शिवणकामाचा व्यवसाय करते आणि तिच्या हाताखाली दोन कारागीर आहेत. आमच्यापैकी कोणाचीच स्वतःची वेबसाइट नाही. तिची गिऱ्हाइके इन्स्टाग्रामवर नमुने पाहतात आणि व्हॉट्सॲपवर बोलतात. माझी कामे बहुतेक जुन्या ग्राहकांच्या शिफारशीने आणि थोडीफार लिंक्डइनवरून येतात. आजवर कुठे अडले नाही, म्हणून वेबसाइटचा विषय आम्ही दरवर्षी पुढे ढकलत आलो.

मागच्या महिन्यात मात्र एका मोठ्या कामासाठी एका संस्थेने माझ्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि दोन ईमेलनंतर त्यांनी माझ्या वेबसाइटचा दुवा मागितला. माझ्याकडे दुवा नव्हता, म्हणून मी केलेल्या कामांची यादी असलेली पीडीएफ पाठवली. त्यानंतर त्यांचे उत्तर आले नाही. वेबसाइट नव्हती म्हणूनच काम गेले, असे मी म्हणू शकत नाही. पण ती पीडीएफ जोडताना मला अवघडल्यासारखे झाले, हे खरे आहे.

मला मनापासून समजून घ्यायचे आहे ते असे: समाजमाध्यमांवरचे पान फुकट मिळते, तिथे माणसे आधीच जमलेली असतात, आणि तिथे काही टाकायला तांत्रिक ज्ञान लागत नाही, मग दरवर्षी पैसे भरून सांभाळावी लागणारी वेगळी जागा कशासाठी घ्यायची? आणि घेतली, तरी तिथे लोक येणार कसे? ज्यांनी वेबसाइट केली आहे, किंवा करून बंद केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (बोधचित्रकार)

तुमच्या प्रश्नातल्या ‘फुकट’ या शब्दापाशीच मी थांबलो, कारण सहा वर्षे मीही त्याच हिशेबाने चाललो होतो. माझी सगळी चित्रे एका समाजमाध्यमावर होती आणि तिथे मला पाहणारे लोकही पुष्कळ होते. एके सकाळी ते खाते उघडेना. माझीच काही चित्रे दुसऱ्या कोणाची आहेत, अशी तक्रार झाली होती. ती खोटी ठरून खाते परत मिळायला तेवीस दिवस लागले. त्या तेवीस दिवसांत माझी चित्रे हरवली नव्हती, ती माझ्या संगणकावर सुरक्षित होती. हरवला होता तो पत्ता. माझ्या कार्डावर, जुन्या बिलांच्या तळाशी, दोन पुस्तकांच्या श्रेयनामावलीत मी त्याच खात्याचा पत्ता छापून बसलो होतो, आणि छापलेला कागद परत बोलावता येत नाही.

तेव्हापासून मी वेबसाइटकडे जाहिरातीचे साधन म्हणून पाहणे सोडले. ती मला पत्ता म्हणून हवी आहे: असा पत्ता, जो मी सामान कुठेही हलवले तरी बदलत नाही.

हा धोका खात्याला कुलूप लागण्यापुरता नाही. सगळी जागाच नाहीशी होते, हे आपण अनेकदा पाहिले आहे. लाखो लोकांनी जिओसिटीज या फुकट वेबपाने देणाऱ्या सेवेवर आपली पाने उभी केली होती. याहूने ती कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात, जपानचा अपवाद सोडता, ती सेवा बंद केली. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस या समाजमाध्यमाची सर्वसाधारण लोकांसाठीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. मायस्पेस या समाजमाध्यमाने तर २०१९ मध्ये सांगितले की सर्व्हर बदलताना जुन्या वर्षांमध्ये लोकांनी चढवलेले संगीत हरवले आहे. ज्या वादकांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांचे काम तिथेच संपले.

पण आपल्यासारख्यांच्या सर्वांत जवळचे उदाहरण वेगळेच आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतून, छोट्या दुकानदारांना आणि कारागिरांना एक साधी वेबसाइट फुकट करता येत असे. अनेकांनी तीच आपली वेबसाइट मानली, तिचाच दुवा सगळीकडे दिला. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. जुन्या दुव्यावर येणाऱ्यांना काही काळ, म्हणजे १० जून २०२४ पर्यंत, संबंधित प्रोफाइलकडे वळवले जात होते; त्यानंतर तेही थांबले. यात कोणी फसवणूक केली असे मी म्हणत नाही. ती सेवा चालवावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यापासून त्यांचाच होता. मात्र ज्यांनी स्वतःचे डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचे स्वतःच्या नावे नोंदवलेले नाव, घेऊन ते त्या पानाला जोडले होते, त्यांना ते दुसऱ्या पानाकडे वळवता आले. ज्यांनी गुगलने दिलेलाच पत्ता वापरला होता, त्यांचा पत्ता गेला.

तुमच्या बहिणीसारख्या व्यावसायिकांना आणखी एक दिवस आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली होती, कारण तिन्हींचा कारभार एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालतो. ज्यांचे नमुने एका ठिकाणी आणि बोलणी दुसऱ्या ठिकाणी असत, त्यांना ती दोन ठिकाणे वाटत होती. त्या दिवशी ती एकच निघाली.

राहिला प्रश्न तिथे ‘जमलेल्या माणसांचा’. ती माणसे आपली नसतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की यापुढे व्यवसायांच्या आणि माध्यमांच्या मजकुरापेक्षा मित्र आणि कुटुंबीय यांच्या नोंदी लोकांना आधी दाखवल्या जातील. ज्यांनी वर्षानुवर्षे पाने वाढवली होती, त्यांच्या नोंदी त्यांच्याच अनुयायांपर्यंत पोहोचेनाशा झाल्या आणि पोहोचवायच्या तर जाहिरातीचे पैसे द्यावे लागू लागले. माझे समाजमाध्यमांशी भांडण नाही. मी आजही रोज तिथे चित्रे टाकतो. पण आता चित्र आधी माझ्या वेबसाइटवर जाते आणि मग बाहेर जाते.

प्रतिसाद (छायाचित्रकार)

मी वेगळा अनुभव मांडते, कारण तुम्ही बंद करणाऱ्यांनाही विचारले आहे. मी चार वर्षे वेबसाइट चालवली. चाळीसएक उत्तम छायाचित्रे, माझे नाव, संपर्काचा अर्ज, एवढे सगळे तिथे होते. त्या चार वर्षांत त्या अर्जातून आलेल्या संदेशांत बहुतेक अनाहूत जाहिराती होत्या आणि काम एकही नव्हते. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरताना मला वाईट वाटे, शेवटी मी ती बंद केली. इन्स्टाग्रामवरून मात्र कामे येतच राहिली. ज्याचा व्यवसाय नुकताच सुरू होतो आहे, त्याने आधी वेबसाइटवर वेळ आणि पैसा घालू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. आधी दहा ग्राहक मिळवावेत, त्यांचे काम नीट करावे, आणि वेबसाइटकडे मग वळावे.

प्रतिसाद (छोट्या व्यवसायांसाठी वेबसाइट तयार करणारा)

वेबसाइट करून देणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे माझ्या सल्ल्यात माझा स्वार्थ असू शकतो. वाचताना तो जरूर वजा करावा.

आधी वरच्या छायाचित्रकार बाईंविषयी. ‘आधी दहा ग्राहक’ हे त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु त्यांची वेबसाइट निष्फळ का ठरली, याचे कारण त्यांनी नकळत स्वतःच लिहिले आहे: चाळीस छायाचित्रे, नाव आणि अर्ज. शोधयंत्र मुख्यतः मजकूर वाचते. ‘कारखान्यातील यंत्रांची छायाचित्रे काढून हवी आहेत’ असे शोधणाऱ्या माणसाला त्या वेबसाइटपर्यंत नेईल असे एक वाक्यही तिथे नव्हते. प्रत्येक छायाचित्रामागे चार ओळी असत्या, म्हणजे काम कोणत्या प्रकारचे होते, अडचण काय होती, प्रकाशयोजना कशी केली, किती वेळ लागला, तर त्याच वेबसाइटचे काम वेगळे झाले असते. चित्राला दिलेले पर्यायी वर्णन शोधयंत्राला उपयोगी पडतेच, शिवाय दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीनरीडरलाही तेच वाचून दाखवता येते. मजकुराचेच चित्र करून टाकणारे लोकही मी फार पाहिले आहेत. दरपत्रक चित्रात, कामाच्या वेळा चित्रात, पत्ताही चित्रात. त्यातले काही निवडून कॉपी करता येत नाही आणि शोधात ते क्वचितच सापडते. लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत आले, हे गुगलच्या सर्च कन्सोल या फुकट साधनात दिसते. वर्षातून दोनदा तरी ते उघडून पाहावे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो तो. वेबसाइटची पाने उद्या पुन्हा करता येतील, पण डोमेन गेले तर ते परत मिळेलच असे नाही. दोन वर्षांपूर्वी एक सुतारकाम करणारे गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची वेबसाइट आधी ज्याने करून दिली होती, त्याने डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ईमेलवर केली होती. पुढे त्याने हे काम सोडले आणि फोन घेणेही थांबवले. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहिल्या. मुदत संपली, नाव सुटले आणि तिसऱ्याच कोणीतरी ते घेतले. त्या गृहस्थांच्या गाडीवर, पावत्यांवर आणि कारागिरांच्या सदऱ्यांवर तेच नाव छापलेले होते. त्यांनी ते परत मिळवण्यासाठी जी धडपड केली ती मी जवळून पाहिली, आणि तेव्हापासून ग्राहकाचे डोमेन माझ्या नावे घ्यायला मी ठाम नकार देतो.

म्हणून वेबसाइट कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पासवर्डने नोंदवा. तो ईमेलही त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडले तर सूचना पोहोचणार नाही. हेही स्पष्ट असू द्या की डोमेन कायमचे विकत मिळत नाही. त्याची नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि डॉट कॉमसारख्या नावांसाठी ती एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते. या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार नोंदणी करणाऱ्या कंपनीला मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा आधी सूचना पाठवावी लागते. नोंदणी रद्द झाल्यावरही अशा नावांना सहसा ३० दिवसांचा सवलतीचा काळ असतो, पण त्या काळात नाव सोडवून घेण्याचा खर्च नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बराच जास्त येतो. आपोआप नूतनीकरण चालू ठेवावे, आणि जोडलेले कार्ड बदलले की तिथेही बदलावे. अनेकांची नावे याच एका विस्मरणाने गेली आहेत.

डोमेनचा दुसरा मोठा उपयोग ईमेलसाठी होतो. स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल असला की मागची सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. त्यासाठी एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनमध्ये कराव्या लागतात, म्हणजे पाठवलेले पत्र खरोखर तुमचेच आहे हे समोरच्या यंत्रणेला पडताळता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी या नोंदी सक्तीच्या केल्या. तुम्ही तेवढे ईमेल पाठवत नसाल, तरी नोंदी करून घ्याव्यात. तुमचे दरपत्रक स्पॅममध्ये पडण्याची शक्यता त्याने कमी होते.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी आता पूर्वीइतक्या अवघड राहिलेल्या नाहीत. एचटीटीपीएससाठी, म्हणजे वाचक आणि वेबसाइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित राहावी यासाठी, लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला जागा देणाऱ्या कंपन्या, ते स्वतःच बसवून देतात. ते न बसवणे मात्र परवडत नाही, कारण जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ती सुरक्षित नसल्याचे दाखवतो. वेबसाइट चालवण्यासाठी वर्डप्रेससारखी मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारी, प्रणाली वापरली तर मजकूर बाहेर काढून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो, पण तिची अद्ययावत आवृत्ती वेळच्या वेळी बसवावी लागते. दुर्लक्षित वर्डप्रेसमध्ये घुसखोरी होते, हे मी वारंवार निस्तरले आहे. ज्यांना ही देखभाल नको असेल, त्यांनी एकच साधे एचटीएमएल पान, म्हणजे मागे कोणतीही प्रणाली नसलेले पान, करावे. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पत्ता आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आजवर उमगलेच नव्हते. डोमेन स्वतःच्या नावे घ्यायचे हे आता पक्के आहे.

अडचण पुढची आहे. माझी बहुतेक कामे गोपनीयतेच्या कराराखाली असतात, त्यामुळे केलेला अनुवाद मला दाखवता येत नाही. मग त्या पानावर ठेवू काय? दर लिहावेत की नाही, याविषयीही माझ्या मनात गोंधळ आहे. आणि बहिणीचे म्हणणे असे की तिचे प्रत्येक काम मापानुसार वेगळे असते, त्यामुळे लिहिण्याजोगे काही नाहीच.

प्रतिसाद (बाहेरच्या अनुवादकांना आणि संपादकांना कामे देणारी समन्वयक)

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, त्यामुळे दुवा का मागितला जातो हे सांगू शकेन. काम कोणाला द्यायचे हे मी एकटी ठरवत नाही. माझ्याकडून नाव आणखी दोघांकडे जाते, त्यातले एक जण ते प्रवासात फोनवर पाहतात. दुवा पुढे पाठवला की तो लगेच उघडतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कामाच्या वेळी पुन्हा उघडला, तर तेव्हाची ताजी माहिती दाखवतो. पीडीएफ ईमेलच्या ढिगात जाते, आणि सापडली तरी ती कधीची आहे हे कळत नाही. तुम्हाला उत्तर का आले नाही हे मला अर्थातच माहीत नाही, पण अशा पीडीएफ माझ्याकडूनही मागे राहिल्या आहेत, हे कबूल करायला हवे.

मी पानावर फार थोड्या गोष्टी शोधते. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणत्या विषयांत, आणि सध्या काम घेता का. ही तिसरी गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही. ‘पुढचे दोन महिने नवीन पुस्तक घेऊ शकत नाही, लहान कामे घेते’ एवढे एक वाक्य तारखेसह असले, तर माझा आणि तुमचा दोघींचाही वेळ वाचतो. तारीख जुनी असली, तर मात्र परिणाम उलटा होतो. चार वर्षांपूर्वी थांबलेले पान पाहून माणसाने काम सोडले असावे, असा माझा समज होतो. म्हणून जेवढे सांभाळता येईल तेवढेच ठेवावे.

गोपनीयतेची अडचण तुमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच असते, आणि तिच्यावर चांगला उपाय आहे. ज्यावरचा स्वामित्वहक्क संपला आहे असा मजकूर निवडा, त्यातले दोनतीनशे शब्द स्वतः अनुवादित करा, मूळ आणि अनुवाद शेजारी शेजारी ठेवा, आणि खाली लिहा की अमुक शब्दाला हाच प्रतिशब्द का घेतला, अमुक वाक्य का तोडले. मला तुमच्या ग्राहकांच्या नावांपेक्षा ती टिपण अधिक उपयोगी वाटेल, कारण तीतून तुम्ही विचार कसा करता हे दिसते. मुद्रितशोधनासाठीही असेच करता येईल: स्वतः लिहिलेला सदोष परिच्छेद, आणि शेजारी तुमच्या खुणांसह दुरुस्त केलेला. करारात मुभा असेल तिथे ग्राहकाचे नाव न घेता ‘वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका’ अशा प्रकारे कामाचे स्वरूप लिहिता येते, पण आधी करार वाचून मगच.

दरांविषयी मतभेद राहतील. माझा अनुभव असा, की आकडा नसला तरी चालतो, पण आकारणीची रीत हवीच. शब्दामागे की पानामागे, शब्द मूळ मजकुराचे मोजता की अनुवादाचे, तातडीच्या कामाला वेगळा दर आहे का, किती फेऱ्यांच्या दुरुस्त्या त्यातच धरलेल्या आहेत. सर्वांत जास्त कटुता या शेवटच्या मुद्द्यावरून येते. तो आधीच लिहिलेला असला, तर पुढे कोणालाच ओशाळे व्हावे लागत नाही.

बहिणीसाठी मी वेगळी सुरुवात सुचवेन. तिला म्हणावे, व्हॉट्सॲपवरचे गेल्या महिन्याचे संवाद उघड आणि जो प्रश्न तीनपेक्षा जास्त वेळा आला आहे तो कागदावर लिहून काढ. कापड तुम्ही आणता की आम्ही आणायचे, माप द्यायला किती वेळा यावे लागते, शिवून मिळायला किती दिवस लागतात, घट्ट झाले तर सैल करून देता का, कोणते काम घेत नाही. तिची उत्तरे मापानुसार बदलत असतील, तर कशानुसार बदलतात हेच तिथे लिहायचे आहे. हीच तिची वेबसाइट. ती रोज टंकत असलेली उत्तरे तिथे एकदाच लिहिली जातील आणि पुढच्या वेळी तिला दुवा पाठवता येईल. नमुन्यांची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर आहेत ती तिथेही असू द्यावीत, फक्त मूळ प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

तुमचे पान तयार झाले की दुवा इथे अवश्य द्या. मी ते ग्राहकाच्या नजरेने वाचून, जिथे अडखळेन ती जागा नेमकी सांगेन.